पंगत नर्मदेच्या काठी

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नर्मदाकाठच्या कुठल्याही आश्रमाचं फाटक ढकललंत की पहिला प्रश्न नाव-गावाचा नसतो. "नर्मदे हर! कितनी मूर्ती?" एवढंच विचारतात. परिक्रमेला निघालेलं माणूस इथे 'मूर्ती' असतं. मग तो पुण्याचा निवृत्त बँक अधिकारी असो, नाहीतर भंडाऱ्याहून आलेली शेतमजूर बाई. चार मूर्ती, अकरा मूर्ती, कधी एकदम पन्नास. आकडा कळला की विचारणारा मान वळवून तो स्वयंपाकघराच्या दिशेने मोठ्याने सांगतो आणि आत कुणीतरी परातीतलं पीठ वाढवतं. "आसन लगा लो, माताजी," म्हणत भिंतीकडेची जागा दाखवली जाते, हातात चहा येतो. ओळखपाळख त्यानंतर, झालीच तर.

संपादकांनी यंदा विषय दिला 'पाहुणचार'. लग्नातल्या केटरिंगवर आणि होम-स्टेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही जरा लांब जाऊन या, म्हणाले. मला नर्मदा आठवली. तसं परिक्रमेवर मराठीत इतकं लिहून झालंय की पुन्हा लिहायला बसणं आगाऊपणाचंच. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आहे, जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' आहे, भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' आहे. साक्षात्कार, एकांत, अश्वत्थामा, सगळं येऊन गेलंय. माझी उत्सुकता त्या मानाने पोटापुरती होती. हजारो अनोळखी माणसं महिनोन् महिने काठाकाठाने जेवत जातात, ते अन्न येतं कुठून? रांधतं कोण? आणि ते त्यांना परवडतं कसं?

म्हणून संक्रांत झाल्यावर ओंकारेश्वरहून निघाले आणि दक्षिण तट धरून, नदी समुद्राला मिळते त्या विमलेश्वरपर्यंत महिनाभर चालत गेले.

नदी उजव्या हाताला

ज्यांनी हे कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने परतायचं आणि मध्ये कुठेही पात्र ओलांडायचं नाही, ही परिक्रमा. जुन्या नियमाने तिला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. चातुर्मासात वाट बंद, जिथे असाल तिथेच मुक्काम. हल्ली बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि उन्हाळा तापायच्या आत, चार-पाच महिन्यांत आटोपतात. ज्यांना तेवढीही रजा नाही ते तुकड्या-तुकड्याने करतात; तिला खंड परिक्रमा म्हणतात. मी त्या खंडवाल्यांतली.

ओंकारेश्वराला एक गंमत आहे. परिक्रमा उचलायला देशभरातून माणसं इथे येतात, पण संकल्प सोडला की समोर दिसणाऱ्या ज्योतिर्लिंगाला जाता येत नाही. देऊळ मांधाता बेटावर आहे आणि पूल ओलांडणं म्हणजे नर्मदा ओलांडणं. तेव्हा ममलेश्वराला हात जोडायचे आणि निघायचं. ओंकाराचं दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावर.

घाटावर पुरोहितांनी संकल्प सांगितला, कुमारिकेची पूजा झाली, शिऱ्याची कढई झाली. एका लहानशा बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतलं. ही बाटली वाटभर सांभाळायची, रोज सकाळ-संध्याकाळ तिचीच पूजा करायची. फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला परिक्रमावासी असल्याचा कागद मिळाला. सोबत एक वही. दर मुक्कामी त्या वहीत आश्रमाचा शिक्का घ्यायचा. पहिल्या आठवड्यात शिक्क्यांची हौस असते, नंतर मास्तर म्हणाले तसं, "तिकीट पंच केल्यासारखं वाटतं."

मास्तर म्हणजे संगमनेरकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर. दुसऱ्याच मुक्कामी भेटले आणि अधूनमधून मागे-पुढे होत शेवटपर्यंत टिकले. त्यांच्याविषयी पुढे येईल.

पिठाचं गणित

सदावर्ताचे दोन प्रकार. एक कोरडा शिधा : पीठ, डाळ, मीठ, मिरची, कधी गुळाचा खडा. तो घ्यायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि आपलं आपण शिजवायचं. जुने साधू अजूनही हेच पसंत करतात, कारण दुसऱ्याच्या हातचं त्यांना चालत नाही. दुसरा प्रकार तयार जेवणाचा, म्हणजे भोजनप्रसादी. सकाळी निघताना मिळतो तो बालभोग. कधी पोहे, कधी रात्रीच्या पोळ्यांचा गूळ घालून केलेला चुरमा, कधी नुसता चहा आणि टोस्ट. आम्हां मराठी मंडळींना अर्थातच शिजवलेलं हवं असतं.

निमाडातल्या एका मध्यम आकाराच्या अन्नक्षेत्रात पायाला फोड आल्याचं निमित्त करून मी जास्त राहिले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून घेतलं. चालवणारे गृहस्थ गावातलेच, कापूस आणि मिरची पिकवणारे शेतकरी. चैत्रात गहू निघाला की ट्रॅक्टरला ट्रॉली लावून आसपासच्या गावांतून फिरतात. ज्याच्या मनात येईल तेवढं तो घालतो, कुणी पोतं, कुणी पायली. तूर त्यांच्या स्वतःच्या शेतातली. दुधाच्या पाळ्या लावलेल्या आहेत, आज या घरचं, उद्या त्या घरचं. भाजीचं मात्र मंडी ठरवते. वांग्याचा भाव पडला की शेतकरी क्रेटच्या क्रेट आणून ओततो आणि मग चार दिवस वांगीच. मी गेले तेव्हा पानकोबीची पाळी होती. मिरचीची टंचाई या भागात कधीच नसते. बेडियाची मिरची मंडी इथून जवळ. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते भक्तीमुळे आलं असं शेजारच्या माताजींना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

"गेहूँ की कमी मैया ने कभी नहीं होने दी," गृहस्थ म्हणाले. "रोटी से आश्रम नहीं डूबता, बहनजी. चाय से डूबता है." हिशेबाची वही त्यांनी दाखवली. गहू, डाळ, सरपण गावातून येतं, त्याला रोकड लागत नाही. साखर आणि चहापत्ती दुकानातून येते, गॅस सिलिंडर येतो. माणूस जेवतो एकदा किंवा दोनदा, चहा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. नुसता पाय टेकवून पुढे जाणाऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, अशी काठाची रीत. उधारी जी काही असते ती किराणा दुकानाची.

पोळ्या कराव्यात की टिक्कड, याचाही हिशेब आहे. पन्नास माणसांच्या पातळ पोळ्या लाटायला चार बायका आणि दीड तास हवा. टिक्कडाला पोळपाट-लाटणं लागत नाही. जाड गोळा दोन तळव्यांत थापायचा, तव्यावर उलटपालट करायचा आणि निखाऱ्यावर उभा करून फुलवायचा. दोन पुरुष पाऊण तासात पन्नास माणसांना पुरेल एवढं काढतात. म्हणून मोठ्या गर्दीच्या रात्री टिक्कड. गरम असेपर्यंत त्याच्यासारखं काही नाही, गार झाल्यावर दातांची परीक्षा.

आणि आरतीच्या वेळी अचानक आणखी पंधरा मूर्ती आल्या तर? तिथला स्वयंपाकी, जो स्वतः काही वर्षांपूर्वी परिक्रमेला आला आणि घरी परत गेलाच नाही, शांतपणे पातेल्याकडे बघून म्हणाला, "दाल में मैया मिला दो." नर्मदेचं पाणी दोन बादल्या आत गेलं, मुठीने मीठ गेलं, हिंग-जिऱ्याची नवी फोडणी पडली. डाळ पातळ झाली, पण सगळ्यांना पुरली.

अलीकडे या अचानकपणालाही आळा बसलाय. आश्रमांचे आपसांत व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. सकाळी मागच्या मुक्कामावरून निरोप येतो, "बत्तीस मूर्ती निकली हैं, आठ माताराम." बायका किती हे मुद्दाम कळवतात, कारण त्यांना आतली खोली द्यायची असते. वाटेवरच्या बऱ्याच ठिकाणी संडास आता झालेत. जिथे नाहीत तिथे पहाटे चारला उठायचं. नदीवर साबण लावायचा नाही आणि कपड्यांसकट आंघोळ करायची. पौषातल्या पहाटे हे सगळं जमलं की मग कुणाला अध्यात्म वेगळं शिकवावं लागत नाही.

रावेरखेडी आणि दहा रुपये

ओंकारेश्वर सोडल्यावर काही मुक्कामांतच रावेरखेडी लागते. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी इथे देह ठेवला. उत्तरेकडे जाणारी मराठी फौज जिथून नर्मदा उतरायची, तो उतार इथलाच. नदीकाठी दगडी आवारात शिंद्यांनी बांधवलेली समाधी आहे. आमच्यातला एक जण इतिहासाचा शौकीन निघाला. तो तासभर लढाया सांगत होता. समाधीपाशी झाडलोट करणाऱ्या बाईने शेवटी विचारलं, "जेवण झालं का तुमचं?" आणि हिंदीतून नाही, मराठीतून. येणारे सगळे मराठीच असतात, ऐकून ऐकून येतं, म्हणाली.

खरगोन जिल्ह्यात भट्याणला संत सियाराम बाबांचा आश्रम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बाबांनी देह ठेवला, तेव्हा शंभरीच्या आसपास होते असं गावकरी सांगतात. त्यांची ख्याती दोन गोष्टींची होती. परिक्रमावासीयांना ते चहा पाजायचे आणि कुणाकडूनही दहा रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. शंभराची नोट दिली तर नव्वद परत. अशा दहा-दहा रुपयांतून त्यांनी घाटासाठी आणि देवळांसाठी मोठमोठ्या देणग्या दिल्या. अन्नक्षेत्राच्या अर्थशास्त्रावर मी पुढे बरंच ऐकलं, पण दहा रुपयांच्या या मर्यादेइतकी हुशार कल्पना दुसरी सापडली नाही. मोठ्या देणगीदाराचा रुबाब तिथे संपतो. मजुराचे दहा आणि कारखानदाराचे दहा एकाच पेटीत. पाटी लावायला जागाच उरत नाही. बाकी काठावर संगमरवरी पाट्यांचा सुकाळ आहे, पंख्याच्या पात्यावरसुद्धा दात्याचं नाव असतं.

पुढे लेपा. भारती ठाकूर परिक्रमेनंतर इथे परत आल्या आणि काठावरच्या मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. परिक्रमेत जे खाल्लं त्याची परतफेड कशी करायची, या प्रश्नाचं मला दिसलेलं सगळ्यात ठोस उत्तर ते आहे.

वाटेतली माणसं

मास्तर बत्तीस वर्षं एसटीत होते. लाखो माणसांना तिकिटं दिली, एकाशीही नीट बोललो नाही, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. आता ते प्रत्येकाशी बोलत. त्यांच्या पिशवीत सुई-दोरा असायचा. पायाला फोड आला की ते त्यातून दोरा ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवत. पाणी झिरपून जातं, कातडी जागेवर राहते. संध्याकाळी त्यांच्यापुढे पाय घेऊन रांग लागायची. त्यात एकदा एक दंडी स्वामीही होते.

एक मौनी बाबा भेटले. बोलत नसत, मोबाइलवर टाइप करून दाखवत. मला त्यांनी दाखवलेलं पहिलं वाक्य "चार्जर है क्या?" हे होतं. हसू आलं खरं, पण पुढचे दोन दिवस ते सोबत होते आणि त्यांच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं. दंडवती परिक्रमा करणारा एक तरुण दिसला. लोटांगण घालायचं, हात पोचतील तिथे खूण करायची, उठून त्या खुणेवर पुन्हा लोटांगण. दिवसाला फार तर दोन-अडीच किलोमीटर. त्याचं सामान एका हातगाडीवर त्याचा भाऊ ढकलत होता. मी भावाशी बोलले. संकल्प धाकट्याचा, वर्षं दोघांची. "उसको पुण्य मिलेगा, मुझे गाड़ी का बेरिंग बदलना है," एवढंच तो म्हणाला, हसून.

पुण्याचा एक संगणक अभियंता रोज चाललेले किलोमीटर घड्याळावर मोजायचा. नाशिकच्या दोघी बहिणी नवऱ्यांच्या निधनानंतर निघालेल्या. दिवसभर भांडायच्या, रात्री एकमेकींचे पाय चेपायच्या. खलघाटच्या अलीकडे रस्त्यालगत एका मुसलमान चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. "मैया के लोगों से नहीं लेते," म्हणाला. त्याच्या टपरीवर परिक्रमावासीयांसाठी वेगळा माठ भरून ठेवलेला होता.

सगळंच असं गोड नव्हतं. एका आश्रमात पंगतीआधी आडनावं विचारली गेली आणि आमच्यातल्या दोघांना बाहेरच्या ओसरीवर पानं मांडली. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मास्तरांनी आपलं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन बसले. मग आम्हीही. यजमान काही बोलले नाहीत, वाढपी मात्र तूप दोनदा फिरवून गेला. 'मूर्ती' म्हणून हाक मारणारा काठ आडनाव विसरलेला नाही, हे लिहायलाच हवं. बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

रात्री सतरंजीवर पथाऱ्या पडल्या की जे काही चालायचं त्याला सत्संग म्हणावं की गप्पा, मला ठरवता आलं नाही. कुणी भजन म्हणायचं, कुणी गुडघ्यांचं औषध सांगायचं. पगार, बंगला, मुलगा कुठे नोकरीला, हे विषय दोन-तीन दिवसांत गळून पडतात. कारण उद्या सगळ्यांना तेवढंच चालायचंय आणि तेच खायचंय. घरी मुलाशी चार वर्षं न बोललेल्या एका काकांनी बडवानीच्या अलीकडे त्याला फोन लावला. फोन उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लावला.

नर्मदा जयंती

माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती. त्या दिवशी निमाडात चालणं जवळजवळ अशक्य, कारण दर अर्ध्या किलोमीटरला कुणीतरी हात धरून जेवायला बसवतं. घाटांवर भंडारे, कुमारिकांची भोजनं, साड्यांना साड्या बांधून या तटापासून त्या तटापर्यंत नावेतून नेलेली चुनरी. दाल-बाटी, लाडू, अमाडीची भाजी आणि ज्वारीची रोटी. एका ठिकाणी दाल-पानिये मिळाले. मक्याच्या पिठाचे गोळे पानांमध्ये दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. वरचं पान करपून जातं, आतल्या पिठाला धुराचा आणि पानाचा वास लागतो. सोबत उडदाची घट्ट डाळ. या महिन्यातलं सगळ्यात चांगलं जेवण कोणतं असं विचारलंत तर माझं मत या पानियांना.

त्या संध्याकाळी घाटावर पत्रावळी, प्लॅस्टिकचे ग्लास आणि दिव्यांचे द्रोण यांचा खच पडला होता. पाण्यातही. मैयाचा वाढदिवस मैयालाच महागात पडतो.

झाडी

बडवानी सोडली की पाटी, बोकराटा असं करत वाट सातपुड्यात शिरते. ही शूलपाणीची झाडी. जुन्या वर्णनांत या टप्प्याची धास्ती असे. इथले भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत. भांडी, कांबळं, अंगावरचे कपडे, सगळं. त्यांना 'मामा' म्हणायचं आणि मैयाने ओझं उतरवलं असं समजून पुढे जायचं, ही साधूंची रीत. मामा हा शब्द अजून आहे. लूट थांबली. जिथे कपडे उतरवले जात त्याच वाटेवर आता बांबूच्या मांडवाखाली चहाचं पातेलं ठेवलेलं असतं.

वाटही बदलली आहे. जुनी पायवाट काठाकाठाने जायची, ती सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. धरणाची उंची १३८.६८ मीटर, २०१७ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झालं आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात. नवं गोरा गावाजवळ बांधलंय. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती नंदुरबारच्या उत्तर टोकाला, आणि तीही केवळ सीमारेषा म्हणून. पण धरणाने इथली ३३ गावं बाधित केली. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ही गावं. १९८५ पासूनच्या नर्मदा बचाव आंदोलनाची बातम्यांत वाचलेली नावं पायाखालून जाऊ लागतात आणि परिक्रमावासीयांपैकी फार थोड्यांना ती ओळखू येतात.

धडगावकडच्या एका पावरा कुटुंबात आम्ही पाच जण उतरलो. दोन डोंगरांच्या खोबणीत कुडाचं घर, अंगणात मका वाळत घातलेला. बाईंना पावरी येत होती, मराठी मोडकीतोडकी. आश्रमशाळेत शिकणारा मुलगा दुभाषा. त्यांनी मक्याच्या भाकरी थापल्या, खिचडी केली आणि उडदाच्या डाळीत आमचूर टाकलं. धडगावचं आमचूर बाजारात नाव कमावून आहे. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चकत्या करून वाळवायच्या आणि व्यापाऱ्याला विकायच्या, हा इथल्या घरांचा रोख पैसा. त्या आंबटपणामुळे साध्या डाळीला जी चव आली होती ती मला घरी अजून जमलेली नाही.

मी मुलाकडून विचारवलं, तुम्ही लोकांना का जेवू घालता? बाई भाकरी उलटत म्हणाल्या ते त्याने असं सांगितलं : "लोक येतात. रात्र होते. मग कुठे जातील?" बस, एवढंच. मैया नाही, पुण्य नाही. नवरा दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता, शिमग्याला परतणार होता. खिचडीचा तांदूळ रेशनचा होता. तो महिनाअखेरीला संपला तर? "मका आहे."

निमाडातल्या बागायतदाराने चार पोती गहू देणं आणि या बाईंनी रेशनच्या तांदळातून आम्हाला वाढणं, दोन्हींना आपण अन्नदान म्हणतो. मला ते एका मापाने मोजवत नाही. झाडीतल्या काही मांडवांना आता बाहेरून, पुण्या-नाशकाकडून, सुरत-बडोद्याकडून शिधा पोचतो आणि स्थानिक लोक तो रांधून वाढतात. तिथे भार वाटला जातो. पण वाट चुकून, अंधार पडून, कुणाच्या तरी अंगणात थांबणारे बरेच असतात आणि त्यांचं जेवण त्या घराच्या कणगीतून निघतं. सकाळी आम्ही पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. मास्तरांनी मुलाच्या दप्तरात वह्यांसाठी म्हणून काही नोटा घातल्या आणि बाईंना तसं सांगितलं. तेव्हा हो म्हणाल्या.

या टप्प्यात आणखी एक दृश्य दिसतं. मुलं डोंगरावरून धावत येतात आणि "नर्मदे हर, चॉकलेट" म्हणून हात पुढे करतात. ही सवय त्यांना आपणच लावली, खिशात गोळ्या भरून जाणाऱ्यांनी. ज्या घरात पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत त्याच घरातलं पोर वाटेवर उभं राहून मागायला शिकतं. इतका वाईट सौदा परिक्रमेत दुसरा झालेला नाही.

खारं पाणी

गुजरातचा टप्पा भरभर सरतो. मोलगी, माथासर करत डोंगर उतरलं की गोरा, आणि समोर १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा. बांबूच्या मांडवातून निघून पर्यटकांच्या बसगाड्यांमध्ये येऊन पडल्यावर थोडं गरगरतं. सपाट रस्ते, केळी आणि उसाची शेती, मोठे आश्रम. खिचडी-कढी, बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि मागाल तेवढी छाश. रामपुरा वाटेत लागतं. इथे नदी थोडा वेळ उत्तरेला वाहते आणि चैत्रात एका दिवसाच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला अलोट गर्दी लोटते. अंकलेश्वरजवळ कारखान्यांचा उग्र वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

विमलेश्वरला दक्षिण तट संपतो. इथून मच्छीमारांच्या बोटीने खाडी पार करून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं. नदी ओलांडू नये हा नियम इथे मोडत नाही, कारण हे नदीचं पात्र नव्हे, सागर मानला जातो. बोट भरतीवर सुटते, त्यामुळे वेळ पंचांगावर. कधी दुपारी, कधी मध्यरात्री दोनला. नावं लिहून पाळी धरायची. प्रवास तीन-चार तासांचा. एका वेळी शंभराच्या वर माणसं अडकून पडली की विमलेश्वरसारख्या लहान गावाच्या पाण्याच्या टाकीची, संडासांची आणि पातेल्यांची कसोटी लागते. मी गेले तेव्हा दोन बोटींचे लोक ताटकळत होते आणि भात तिसऱ्यांदा चढवला होता. मास्तर पुढे गेले. त्यांची परिक्रमा पूर्ण व्हायची होती. माझा खंड इथे थांबला. अंकलेश्वरहून मुंबईची गाडी पकडली. त्या प्रवासात नर्मदा आडवी येत नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

जायचंच असेल तर

परिक्रमेला जाणाऱ्यांत मराठी माणसं किती, हे आकड्यात मांडत नाही. पण बहुतेक मुक्कामी पंगतीची भाषा मराठी असते, इतकं खात्रीने सांगते. पुस्तकं वाचून, यूट्यूब पाहून, बसच्या पॅकेजमधून आपण जातो. त्याचं कौतुक पुरे झालं. वाढणाऱ्यांच्या बाजूने चार गोष्टी सांगायच्या आहेत.

बसने परिक्रमा करणाऱ्यांनी अन्नक्षेत्रात जेवू नये. पन्नास माणसांची बस दुपारी एकला दाराशी थांबते, तेव्हा पायी येणाऱ्या सात जणांची डाळ पातळ होते. पॅकेजमध्ये जेवणाचे पैसे भरलेले असतात, ते ढाब्यावर जेवा. पायी जाणाऱ्यांनी पाच-सहा जणांहून मोठा गट करू नये, आणि केलाच तर आदल्या मुक्कामावरून पुढे कळवावं. ताट-वाटी स्वतःची न्यावी, स्वतः घासावी. पत्रावळीचे ढीग नदीत जातात. टिक्कड अर्धंच हवं असेल तर अर्धं मागावं. पोळी पातळ नाही, चहात आलं नाही, अशा तक्रारी मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकल्या आणि मान खाली घातली. झाडीत पोरांना गोळ्या वाटू नयेत. द्यायचंच असेल तर जिथे जेवलो त्या घरातल्या माणसाशी बोलून, त्याला लागेल ते, त्याच्या हातात द्यावं.

आणि देणगी द्यायची झाली तर संगमरवरी पाटीच्या मोठ्या आश्रमांना देऊ नका, त्यांचं चाललेलं आहे. वाटेवरचं एखादं लहान अन्नक्षेत्र निवडा, जिथे हिशेबाची वही किराणा दुकानदाराच्या नावाने सुरू होते. गहू तिथे आहे. साखर आणि चहापत्ती कमी पडते. गावातल्याच दुकानात जाऊन त्यांच्या खात्यावर पाच-दहा किलोचे पैसे भरा आणि पावतीवर आपलं नाव घालू नका.